बगळ्यांची सायकल

रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने पेडलाजवळचे मोठे दातेरी चक्र घासत होतो, तेव्हा गंजाच्या पापुद्र्याखालून आधी एक चोच आणि मग लांब मान दिसू लागली. अर्ध्या तासाने चक्रातले तिन्ही बगळे मोकळे झाले. आजोबांच्या सायकलीचा पुढचा बिल्ला कधीच पडून गेला होता, नळ्यांवरची अक्षरे रंगाबरोबर उडाली होती आणि ती कोणत्या कंपनीची हे घरात कोणालाही आठवत नव्हते. परंतु दातेरी चक्रात बगळ्यांच्या माना कोरण्याची रीत इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीची, हे सायकलींचा नाद असलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. डिचोलीतल्या आमच्या घराच्या गोठ्यात, जुन्या कौलांच्या मागे, ती इतकी वर्षे टांगलेली होती.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, त्याआधी येथे परदेशी माल थेट बंदरात उतरत असे. तरी आजोबांनी ही सायकल नवी घेतली नव्हती, जुनीच कोणाकडून तरी घेतली आणि तिच्यावरून ते साखळी गावच्या शाळेत शिकवायला जात, एवढे बाबांना ठाऊक आहे. माझी आठवण याहून लहान आहे. उंची पुरत नसल्यामुळे आडव्या नळीखालून उजवा पाय पलीकडे घालून, अर्ध्या अर्ध्या पेडलाने लंगडी सायकल चालवायला मी शिकलो ती हिच्यावर, आणि त्या शिक्षणाची पावती डाव्या गुडघ्यावर अजून आहे. पुढे बाबांनी स्कूटर घेतली, सायकलीची चाके कोणीतरी हातगाड्याला लावायला मागून नेली, मडगार्ड कुजले, आणि उरलेला सांगाडा गोठ्यात गेला.

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या सुट्टीत तो खाली काढला, तेव्हा हाताशी काय होते याची यादी अगदी आखूड होती: चोवीस इंची फ्रेम, पुढचे चाक धरणारा चिमटा, बगळ्यांचे चक्र, एक क्रँक, म्हणजे पेडलाचा दांडा, आणि पेडलाचा आस ज्यात फिरतो ते घर, म्हणजे आमच्या मेकॅनिकच्या भाषेतले बी.बी., छर्रे ज्यांत बसतात त्या त्याच्या दोन्ही कपांसह. ती होती तशी पुन्हा उभी करावी असे मला वाटलेच नाही. तसे करायचे तर जगभरातून जुने अस्सल भाग गोळा करावे लागतात आणि मग ती वस्तू चालवायला जीव होत नाही. पुण्यात कर्वेनगरच्या सायकल संग्रहालयात मी तासभर उभा राहून दिवे आणि घंट्या पाहिल्या आहेत, पण त्या काचेआड शोभतात. मला हवी होती ती जुन्या धर्तीची, माझ्या वापराची सायकल, जिच्यात जे भाग नाहीत ते शक्य तितके येथे, गोव्यातल्या कारागिरांच्या हातून, लाकूड, पितळ आणि कातडे यांचे करून घेता येतील. हौसेच्या भरात मी तेव्हा वहीत चाकाच्या रिमसुद्धा लाकडी लिहून ठेवल्या होत्या. तशा रिम असतात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शर्यतीच्या सायकलींना त्या सर्रास लावत आणि इटलीत आजही कोणी कोणी बनवतात. पण रॉड ब्रेकचे, म्हणजे तारेऐवजी सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या जुन्या ब्रेकचे, रबर जेथे रिमच्या आतल्या अंगाला वर दाबून धरते, तेथे लाकूड चार महिन्यांच्या आमच्या पावसात किती दिवस टिकेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि ती ओळ खोडली.

सायकलीचा जन्म तसा लाकडातच झाला. कार्ल फॉन ड्राइस याने १८१७ मध्ये जर्मनीतील मानहाइम गावी जे दोन चाकांचे यंत्र रस्त्यावर आणले, ते मुख्यतः लाकडाचे होते, त्याला पेडल नव्हते, पायांनी जमीन रेटत पुढे जायचे, आणि त्याचे वजन सुमारे २२ किलो भरत असे. हा आकडा लक्षात ठेवण्याचे कारण पुढे येईल. १८८५ च्या सुमारास स्टार्लीच्या रोव्हर सायकलीने सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी हा आराखडा रूढ केला, १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला, आणि तोपर्यंत लाकूड सायकलीतून जवळजवळ हद्दपार झाले होते. ते का झाले, हे मला पुस्तकापेक्षा स्वतःच्या हाताने फोडलेल्या एका हँडलने शिकवले.

पण आधी फ्रेम. खालची नळी बी.बी.ला जेथे भिडते, तेथे आतून गंजून चाळण झाली होती, कारण सीटच्या नळीतून झिरपलेले पाणी वर्षानुवर्षे त्याच कोपऱ्यात साचत आले होते. डिचोलीतल्या ज्या वर्कशॉपमध्ये मी ती नेली, तेथल्या काकांनी नखाने टोकरून पाहिले आणि पत्र्याचे ठिगळ वेल्डिंगने लावून देतो म्हणाले. मी नको म्हटले. या फ्रेमच्या नळ्या पातळ भिंतीच्या आहेत आणि त्या एकमेकींना वेल्डिंगने नव्हे, तर लग नावाच्या पोलादी खोबणींत बसवून पितळेच्या डाखाने जोडलेल्या आहेत; वेल्डिंगमध्ये मूळ पोलादच वितळते, त्याला साधारण पंधराशे अंश लागतात, आणि त्या उष्णतेने शेजारची पातळ नळी ठिसूळ होण्याची भीती असते. पितळेचा डाख नऊशे अंशांच्या आसपास वाहू लागतो, पोलाद तसेच राहते. काकांनी माझ्याकडे थोडे रागाने पाहिले आणि डाख लावताना सांधा स्वच्छ ठेवणाऱ्या टाकणखाराचा डबा आतल्या खोलीतून आणून समोर ठेवला. "एवढे ठाऊक आहे तर नळी तुम्हीच आणा, सर. सव्वा इंची नको, एक अष्टमांशवाली," असे ते म्हणाले, तेव्हा मी योग्य माणसाकडे आलो आहे हे मला कळले. आडवी नळी एक इंचाची आणि सीटची व खालची एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाची, म्हणजे २८.६ मिलिमीटर, हे जुन्या इंग्रजी सायकलींचे ठरलेले माप, आणि ते त्यांच्या बोटांना पाठ होते.

ते काम मी पाहिले. जुना सांधा तापवून आतले पितळ पाझरू लागताच कुजलेली नळी ओढून काढली. लगच्या आतली बाजू कानसीने आणि मग सँडपेपरने चकचकीत केली. नवी नळी बसवून तिच्याभोवती पाण्यात कालवलेला टाकणखार लावला. ज्योत सांध्याभोवती फिरू लागली तसा टाकणखार आधी लाह्यांसारखा फुलला, मग काचेसारखा पातळ होऊन पसरला, आणि पोलादाचा रंग निखाऱ्याच्या लालीवरून संत्र्याच्या सालीकडे सरकला, तेव्हा काकांनी पितळेची कांडी लगच्या कडेला नुसती टेकवली. कांडीचे टोक नाहीसे झाले. ज्योत त्यांनी सांध्याच्या पलीकडच्या बाजूला नेली आणि पितळ त्या फटीतून, केसाएवढ्या जागेतून, उष्णतेच्या मागे मागे चालत जाऊन दुसऱ्या कडेला सोन्याच्या रेघेसारखे उगवले. ती रेघ अखंड असली की डाख आत सगळीकडे पोचला असे समजायचे. फ्रेम थंड होईपर्यंत त्यांनी मला हात लावू दिला नाही, आणि पाणीही मारू दिले नाही.

यानंतरचे पाच महिने मापांत गेले, आणि त्यात मला जो मनस्ताप झाला त्याला मीच बराचसा जबाबदार आहे. बी.बी.चे कप झिजलेले दिसत होते म्हणून मी नवे आणले, तर ते दोन फेऱ्यांत अडकले. आजच्या बाजारातल्या कपाला इंचात चोवीस आटे असतात आणि रॅले आपल्या सायकलींना सव्वीस आटे पाडत असे. जोर करून फिरवले असते तर घराचे आटेच मारले गेले असते. शेवटी जुनेच कप घासून, नवे पाव इंची छर्रे आणि घट्ट ग्रीस भरून बसवले, आणि ते उत्तम चालतात. क्रँकला आसावर घट्ट धरणाऱ्या कॉटर पिनचेही तेच. दुकानातून आणलेली पिन ९ मिलिमीटरची निघाली, तीत क्रँक खडखडत राहिली. हवी होती साडेनऊची. अर्धा मिलिमीटर ही काय गोष्ट आहे असे वाटेल, पण प्रत्येक पेडलाला पायाखाली टक् असा जो धक्का बसतो तो त्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो.

टायरची कथा अधिक संतापजनक आहे. मी इंटरनेटवरून २८ इंची रिमची जोडी मागवली आणि विक्रेत्याने २८ इंची म्हणूनच ती पाठवली, पण टायर तिच्यावर ढिला लटकू लागला. २८ इंच हे नाव दोन वेगळ्या चाकांना आहे: एकाच्या रिमवर टायर ज्या कडेवर बसतो तिचा व्यास ६२२ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६३५. आपल्या दूधवाल्यांच्या, पोस्टमनच्या काळ्या सायकलीचे २८ गुणिले दीड हे चाक ६३५ चे. विक्रेत्याने रिम परत घेतल्या नाहीत आणि वर मलाच सायकलीचे माप कसे घ्यावे याचा व्हिडिओ पाठवला. अखेरीस म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला गेलो असताना एका सायकलवाल्याकडे, छताला टांगलेल्या, धुळीने भरलेल्या, पण कधीही न वापरलेल्या हव्या तशा रिम मिळाल्या, पुढची बत्तीस भोकांची आणि मागची चाळीस. वजन मागच्या चाकावर अधिक पडते म्हणून तिकडे आठ तारा जास्त देण्याची ही जुनी इंग्रजी रीत आहे.

आता लाकूड. मी सगळ्यात आधी हँडल करायला घेतले आणि तेच सगळ्यात वाईट फसले. सागाच्या पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून, साच्यात वाकवून, मिशीसारखे मागे वळलेले हँडल तयार झाले तेव्हा ते इतके देखणे दिसत होते की मी त्याचे फोटो नातेवाइकांना पाठवले. सुदैवाने सायकलीवर बसण्याआधी ते नुसते चिमट्यात कसून, दोन्ही मुठींवर आपले वजन टाकून पाहण्याची बुद्धी झाली. मधोमध, जेथे लोखंडी पकड हँडलला आवळते, तेथे सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. लाकूड रेषांच्या दिशेने ओढ आणि दाब चांगला सोसते, पण रेषांच्या आडवे त्याला चिरडले की ते दबते आणि फाटते. आणि हँडलमध्ये नेमक्या एकाच जागी वाकण्याचा सर्वात मोठा ताण आणि पकडीचा आडवा दाब दोन्ही एकत्र येतात. पोलादाला दिशाच नसते, म्हणून ती जागा त्याची. हँडल मग पोलादी नळीचे करून घेतले आणि वहीत एक नियम लिहिला की जो भाग मोडल्यावर मी तोंडावर आपटेन, तो लाकडाचा असणार नाही. त्यातून लाकडाला उरले मडगार्ड, मुठी, साखळीचे झाकण आणि कॅरिअरवरची पेटी, आणि एवढे पुष्कळ झाले.

गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात. आमचे मेस्त माझ्या वडिलांच्या वयाचे, देवळाच्या मंडपापासून माटोळीच्या, म्हणजे चवथीला गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, चौकटीपर्यंत सगळे केलेले. लाकूड त्यांनीच सुचवले: आमच्याच जुन्या घराचा, कौले उतरवली तेव्हा निघालेला सागवानी वासा. येथे १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे खासगी जमिनीतले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही, म्हणून जुन्या घरांच्या लाकडाला किंमत आहे. पण मेस्तांचे कारण निराळे होते. इतके पावसाळे छपराखाली खाल्लेले लाकूड आता फारसे खोड्या करणार नाही, असे त्यांचे मत. त्या वाशाच्या त्यांनी दीड मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढल्या, चाकाहून दोन सेंटिमीटर मोठ्या त्रिज्येचा प्लायवूडचा साचा केला, आणि चार चार पट्ट्या गोंद लावून त्यावर शिकंज्यांनी आवळल्या. एवढ्या पातळ पट्ट्या कोरड्याच वाकतात, वाफेची गरज पडत नाही. रात्रभराने शिकंजे काढले तेव्हा साच्यावरून उतरलेल्या कमानीने आपला आकार केवळ बोटभर सोडला होता, आणि तेवढा सोडील हे धरून मेस्तांनी साचा आधीच थोडा अधिक वाकडा ठेवला होता.

त्यांचे एक मी ऐकले नाही. मडगार्डला पितळी पट्ट्यांचे आधार बसवताना मी स्क्रूची भोके नेमक्या मापाची, घट्ट पाडली, कारण मला खडखड नको होती. मेस्त शेजारी विडी ओढत बसले होते. "लांकूड फुगता, सर. ताका सुवात दवरची पडटा," त्याला जागा ठेवावी लागते, एवढेच ते कोंकणीत म्हणाले आणि पुन्हा विडीकडे वळले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सायकल पडवीत उभी असतानाच मागच्या मडगार्डला स्क्रूपासून सुरू होऊन वीतभर लांब चीर गेली. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढते. साठ मिलिमीटर रुंदीला आमच्या पावसाळी हवेत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फुग सहज येते, आणि पितळ तिला वाट देत नाही. त्यातच मी वापरलेला नेहमीचा पांढरा गोंद टोकांना सुटू लागला होता. दोन्ही मडगार्ड नव्याने केले, या खेपेला दोन भाग मिसळायच्या इपॉक्सीने, आणि भोके आडव्या दिशेने लांबट ठेवून स्क्रूखाली कातड्याचा वायसर दिला. मेस्तांनी पट्ट्यांचे पैसे दुसऱ्यांदा घेतले नाहीत, पण ते काम चालू असताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते मी फुकट घेतले असे म्हणता येणार नाही.

मडगार्डच्या आतल्या अंगाला चाकाने उडवलेला चिखल सतत बसणार, तेव्हा तेथे पॉलिश लावून उपयोग नव्हता. तेथे काजूच्या टरफलांचे तेल लावले. काजूच्या कारखान्यांत निघणारे हे काळपट, दाट तेल लाकडाला वाळवीपासून आणि पाण्यापासून वाचवते. मात्र ते कातडीला लागले तर पोळते, फोड येतात, आणि हातमोजे घालूनही माझ्या मनगटावर दोन डाग आठवडाभर राहिले. बाहेरून मात्र जवसाचे तेल आणि मेण, फडक्याने चोळून चोळून, चार हात.

मुठींसाठी दक्षिणेला कुंकळ्ळीपर्यंत जाऊन आलो, कारण लाखेच्या रंगाचे लाकडी कातकाम करणारी चितारी मंडळी तेथली. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेनेच ती वितळते आणि लाकडावर रंग चढतो. त्यावर केवड्याची पात धरली की चकाकी येते. मी त्यांना काळा आणि एक लाल पट्टा एवढेच सांगितले होते, परंतु त्यांनी स्वतःच्या मनाने टोकाला एक बारीक पिवळी रेघ ओढली, आणि आता वाटते की तिच्यावाचून ती मूठ अपुरी दिसली असती. लाखेला घामाचे वावडे नाही, असेही तेथे कळले. वावडे आहे ते स्पिरिटचे, म्हणून सॅनिटायझर लावलेल्या हाताने सायकल धरायची नाही.

दिवा डिचोलीतच झाला. आमचे गाव पितळेच्या समयांसाठी प्रसिद्ध आहे, आणि समई करणाऱ्याला सायकलीचा दिवा करायला सांगणे म्हणजे भटजींना लावणी म्हणायला सांगण्यासारखे, असे वाटून मी आठवडाभर कचरत होतो. त्यांनी हसून पत्रा घेतला. ठोकत गेले की पितळ कडक होत जाते, मग ते पुन्हा मंद लाल तापवून मऊ करायचे आणि पुन्हा ठोकायचे; घागरीच्या गळ्यासारखा तो आकार येईपर्यंत त्यांनी पत्रा पाच वेळा तापवला. आत बॅटरीवरचा छोटा दिवा मी बसवला आहे, आणि तो जुन्या धर्तीचा नाही याची मला खंत नाही, कारण रात्री मये तलावाच्या वळणावर म्हशी उभ्या असतात.

घंटी मात्र पितळेची नाही, आणि या साऱ्या खटाटोपातली मला सर्वांत आवडती वस्तू तीच आहे. पितळेची घंटी वाजते, पण तिचा आवाज लवकर बसतो. काशाचा बसत नाही. साधारण अठ्ठ्याहत्तर भाग तांबे आणि बावीस भाग कथील यांचे हे मिश्रण, देवळातल्या घंटांचे. आईजवळ आजीची काशाची वाटी होती, उन्हाळ्यात तळपायांना तूप चोळायची, जिच्या बुडाने घासता घासता तळवे काळे होत. तिची मागणी कशी करावी याचा विचार करण्यात माझा एक महिना गेला. शेवटी आईनेच विचारले की तू रोज त्या वाटीला टिचकी मारून का पाहतोस. वाटी मिळाली, पण भोक पाडताना हात कापत होता, कारण एवढे कथील असलेले कासे कठीण पण ठिसूळ असते, ड्रिल घाईने दाबले तर वाटीचे दोन तुकडे होतात. बुडाशी लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला, ड्रिल अगदी मंद ठेवले, थेंब थेंब तेल सोडत दहा मिनिटांत एक भोक. मग खाली आणि वर कातड्याची चकती देऊन, जुन्या घंटीची हातोडी बसवून ती हँडलवर लावली. एकदा वाजवली की आवाज सावकाश विरत जातो, आणि तो पूर्ण थांबण्याआधी मी अंगणातून फाटकापर्यंत पोचलेला असतो. रोज सकाळी पोंपों करीत येणाऱ्या आमच्या पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, ती ऐकून आपल्या रबरी भोंग्याकडे जरा नाराजीने पाहिले, असे आई म्हणते. पाव देताना त्याने मला एक काकण, म्हणजे बांगडीच्या आकाराचा पाव, जास्त दिले हे खरे.

सीटच्या कातड्याबद्दल थोडक्यात सांगतो. स्प्रिंगांचा सांगाडा जुना मिळाला, त्यावर म्हशीचे जाड कातडे कोमट पाण्यात भिजवून, लाकडी साच्यावर ताणून, दोन दिवस वाळवून, तांब्याच्या रिपिटांनी ठोकले. पहिले तीन आठवडे ते दगडासारखे असते. त्यानंतर ते बसणाऱ्याचा आकार घेते आणि मग दुसऱ्या कोणालाही सायकल उसनी देण्याची इच्छा राहत नाही.

चाके मी स्वतः बांधली, आणि त्यावर मला थोडा अभिमान आहे. बहात्तर तारा, प्रत्येक तार हबला स्पर्शरेषेत, शेजारच्या तारांना ओलांडून रिमकडे जाणारी, म्हणजे पेडलाचा जोर तार ओढून रिमपर्यंत पोचवते. पहिल्यांदा आवळून झाल्यावर मागचे चाक अंड्यासारखे फिरत होते. बाजारपेठेतल्या सायकलवाल्या मामांनी ते स्टँडला लावले, अंगठ्याच्या नखाजवळ खडू धरून चाक फिरवले, जेथे खडू लागला तेथल्या तारा पाव पाव फेरा ढिल्या-घट्ट केल्या, आणि वीस मिनिटांत आऊट, म्हणजे चाकाची डगमग, काढून दिला. तारांवर बोट फिरवून त्यांनी आवाज ऐकला, एक तार जरा खालच्या सुरात होती, ती आणखी आवळली. "आता ही एका गावची झाली," ते म्हणाले.

गिअरचा हिशेब मी आधीच केला होता. बगळ्यांच्या चक्राला ४६ दाते आहेत. मागे नेहमीचा १८ दात्यांचा फ्रीव्हील लावला तर पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ५.७ मीटर जाते, आणि हे रायबंदरच्या पाटोसारख्या सपाट रस्त्यावर ठीक आहे, डिचोलीच्या चढांना नाही. २२ दात्यांचा लावला तर तेच अंतर ४.७ मीटरच्या आत येते, वेग कमी होतो पण चढावर उतरून ढकलावे लागत नाही. या एका गोष्टीत मी जुन्या मापाला बगल दिली, कारण आजोबा पंचविशीत होते आणि मी पन्नाशीत आहे.

तयार झालेली सायकल भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवली तेव्हा आकडा २२ किलो आणि वर काही ग्रॅम असा आला, म्हणजे २०० वर्षांच्या सुधारणेनंतर मी फॉन ड्राइसच्या बरोबरीला पोचलो होतो. दुकानदाराने सायकलीचा भाव विचारला, मी सांगितला नाही. त्याचे कारण असे की खर्चाची वही पत्नीच्या हाती लागू नये म्हणून मी ती ज्या खणात ठेवली होती तोच खण ती त्याच दिवशी आवरत होती.

गेल्या रविवारी पहाटे डिचोलीहून मयेमार्गे नार्व्याला गेलो. सप्तकोटेश्वराच्या देवळात, शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये ज्याचा जीर्णोद्धार करवला तेथे, अजून पहिला दिवाही विझला नव्हता. ही सायकल वळणावर घाई करीत नाही. तिचा पुढचा चिमटा आजच्या सायकलींपेक्षा बराच कललेला आहे, म्हणून खड्ड्यात हँडल झटका देत नाही, नुसते डोलते, आणि सरळ रस्त्यावर हात सोडला तरी ती आपली वाट धरून राहते. नार्व्याच्या धक्क्यावर उतरून फेरीबोटीत चढवली. पलीकडे दिवाडी बेटावर पिएदादचा चढ २२ दात्यांवर बसून चढलो, दोनदा श्वास घ्यायला थांबलो, त्यात एकदा कोणी पाहत नव्हते.

परतताना पाऊस आला. ओल्या क्रोमच्या रिमवर रॉड ब्रेक फारसे धरत नाहीत हे मला माहीत होते, तरी उतारावर पहिल्यांदा ब्रेक दाबून सायकल पुढेच जात राहिली तेव्हा पोटात जो गोळा आला तो माहितीने येत नाही. दोन्ही पाय रस्त्याला घासत एका कुंपणाशी थांबलो. मडगार्ड मात्र लवभरही हलले नव्हते, पाठीवर चिखल नव्हता, आणि मेस्तांनी ठेवायला लावलेल्या लांबट भोकात स्क्रू किंचित एका बाजूला सरकलेला दिसत होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती पडवीत राहील, तेवढ्यात कॅरिअरवरच्या पेटीचे काम करून घ्यायचे आहे. वाशाचा सव्वा हात तुकडा मेस्तांकडे अजून शिल्लक आहे, आणि बिजागरी कोठे बसवायची यावर आमचा वाद चालू आहे.